विहिरीचे पाणी आणि आगीची दहा मिनिटे

27 फेब्रुवारी 1828 रोजी पुण्याच्या शनिवारवाड्याला लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली. कात्रजहून नळाने शहरात आणलेल्या पाण्याचा आणि वाड्यातील हौद-कारंज्यांचा लौकिक मोठा. तरीही लाकडी मजले जळून गेले आणि उरली ती जोती व तटबंदी. पाणी जवळ असणे वेगळे आणि ते पहिल्या काही मिनिटांत, पुरेशा प्रमाणात ज्वाळेवर पडणे वेगळे. स्वयंचलित स्प्रिंकलरचा इतिहास या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

अमेरिकेतील न्यू हेवन येथे हेन्री पार्मली यांनी 1874 साली आपला पियानोचा कारखाना वाचवण्यासाठी असा स्प्रिंकलर बसवला. नळाच्या तोंडावरील टोपण कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने डाखलेले असे. उष्णता वाढली की डाख सुटे आणि पाणी वाहू लागे. त्यात एक खोट होती. आतले थंड पाणी त्या डाखालाच गार ठेवी, त्यामुळे टोपण उशिरा सुटे. फ्रेडरिक ग्रिनेल यांनी 1880 च्या दशकाच्या आरंभी डाख पाण्यापासून अलग केला. उष्णतावहनाचा एवढा साधा विचार. पण त्यानेच हे उपकरण भरवशाचे झाले. लवकरच मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅट कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि ते कापडगिरण्यांत पसरले. गिरणीला पाण्याची विवंचना सहसा नसे: उंचावर टाकी, आवारात तलाव, जोडीला वाफेचा पंप.

घराजवळ यातले काहीच नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने 1975 मध्ये घरांसाठी स्वतंत्र मानक काढले, तेव्हा उद्देशच बदलला. इमारत वाचवण्यापेक्षा माणसांना बाहेर पडण्याइतका अवधी मिळवून देणे हे साध्य ठरले. आज या मानकाचा ढोबळ हिशेब असा: दोन स्प्रिंकलर, प्रत्येकी मिनिटाला सुमारे 49 लिटर, दहा मिनिटे. म्हणजे जवळपास 1,000 लिटर. भारतीय गच्चीवर सर्रास दिसणारी प्लास्टिकची टाकी नेमकी एवढीच असते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

जिथे नळाचे पाणी भरवशाचे नाही आणि विहिरीवर किंवा बोअरवर भिस्त आहे, तिथे हा आकडा निर्णायक ठरतो. रायपूरजवळच्या उरल्याचे उदाहरण घ्यावे. छत्तीसगडच्या या मैदानाखाली अतिप्राचीन चुनखडक आहे. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि विरघळून झालेल्या पोकळ्यांत. म्हणून एका अंगणातली बोअर भरभरून देते आणि शेजारची तासाभरात दम टाकते. मिनिटाला 10 लिटर देणाऱ्या बोअरला दोन स्प्रिंकलर थेट जोडणे व्यर्थ आहे. मात्र तीच बोअर 100 मिनिटांत 1,000 लिटरची टाकी भरते. आगीला हवा असतो तो साठा. विहिरीने तो सावकाश भरला तरी चालते.

चुनखडकातले पाणी जड असते, म्हणून नळ्यांत क्षार साचतील अशी शंका येते. पण बंद नळीत तेच पाणी स्थिर राहिले तर क्षार फारसे वाढत नाहीत, आणि विरघळलेला ऑक्सिजन संपला की लोखंडाचे गंजणेही मंदावते. नळ्या वारंवार रिकाम्या करून भरणेच अधिक घातक.

खरी अडचण दाबाची. 49 लिटरच्या प्रवाहासाठी स्प्रिंकलरपाशी सुमारे अर्धा बार दाब लागतो, म्हणजे पाच मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. छतातल्या स्प्रिंकलरपेक्षा जेमतेम दीड मीटर वर असलेली गच्चीवरची टाकी तो देऊ शकत नाही. पंप लावावा, तर आग लागताच कोणीतरी शहाणपणाने मुख्य स्विच बंद करतो आणि पंपही थांबतो. त्याची वीजजोडणी मुख्य स्विचच्या आधीच वेगळी घ्यावी लागते. विजेवाचून भागवायचे, तर टाकी छतापासून पाच मीटरहून अधिक उंच चढवावी लागेल. नळ्यांतील घर्षणात वाया जाणारा दाब आणखी वेगळा. आणि भरलेल्या टाकीचे ते एक टन वजन पेलेल असा मनोरा घराच्या आराखड्यातच असावा लागेल.