घोडा वैद्य कसा झाला

'द हॉर्स व्हिस्परर' या 1998 च्या चित्रपटात शेवटाकडे एक प्रसंग आहे. त्यावरून घोडेवाल्या प्रेक्षकांत आजही जुंपते. बर्फातल्या अपघातात ग्रेस नावाच्या मुलीनं जिवाभावाची मैत्रीण आणि स्वतःचा एक पाय गमावलाय. तिचा घोडा पिल्ग्रिम त्याच अपघातात फाटूनतुटून निघालाय आणि माणूस दिसला की पिसाळतोय. दोघांना मोंटानात टॉम बुकर नावाच्या माणसाकडे आणलंय. टॉम घोड्याचा पुढचा एक पाय दोरीनं वर घेतो. घोडा उरलेल्या तीन पायांवर धडपडतो, दमतो, गुडघे टेकतो आणि शेवटी कुशीवर पडतो. मग टॉम ग्रेसला त्याच्या अंगावरून हात फिरवायला लावतो, पाठीवर बसायला लावतो. घोडा उठतो तो तिला घेऊनच.

इथं बहुतेकांचे डोळे भरून येतात. ज्यांनी आयुष्यात कधी घोड्याला खरारा केलाय त्यांतले बरेच जण मात्र खुर्चीत चुळबुळ करतात. त्यांचं म्हणणं असं की हा विश्वास नव्हे, शरणागती आहे. पळता येत नाही, लढताही येत नाही म्हटल्यावर जनावरानं हातपाय गाळले, एवढंच. मी या दुसऱ्या गटाच्या बाजूचा. डोळे माझेही भरतात, ते वेगळं.

पण ही दोरी दिग्दर्शक रॉबर्ट रेडफर्डनं शोधलेली नाही. तिचा माग काढायचा तर 1858 सालच्या लंडनला जावं लागतं.

जॉन सॉलोमन रॅरी हा ओहायोतल्या ग्रोव्हपोर्टचा तिशीतला तरुण. घोडा माणसाळवण्याची आपली पद्धत घेऊन तो इंग्लंडला आला. पुढचा एक पाय दुमडून पट्ट्यानं आवळायचा, दुसऱ्या पट्ट्यानं दुसरा पाय ताब्यात घ्यायचा आणि घोडा दमून आपोआप आडवा होईपर्यंत शांतपणे सोबत राहायचं. चाबूक नाही, ओरडा नाही. आडव्या झालेल्या घोड्याला तो गोंजारायचा आणि शेवटी खुद्द स्वतःचं डोकं त्याच्या खुरांपाशी ठेवून पडून राहायचा. राणी व्हिक्टोरियासमोर त्यानं हा प्रयोग करून दाखवला. विद्या शिकायची फी दहा गिनी, वर गुप्ततेचं वचन. लॉर्ड डॉर्चेस्टर यांचा क्रूझर नावाचा घोडा इतका खुनशी, की त्याच्या तोंडावर लोखंडी मुसकं चढवलेलं असे. रॅरीनं त्याला वठणीवर आणलं आणि पुढं अमेरिकेला आपल्याबरोबर नेलं. रॅरी 1866 मध्ये, चाळिशीही न गाठता गेला. क्रूझर त्याच्यामागे काही वर्षं जगला.

रॅरीच्या खेळाला गर्दी करणारे प्रेक्षक माणूस बरा होताना बघायला येत नव्हते. रोगी घोडा होता, वैद्य माणूस होता. तोवरच्या सगळ्याच गोष्टी तशा होत्या. प्लुटार्कनं सांगितलेली अलेक्झांडरची गोष्ट घ्या. ब्युसेफलस कुणालाच पाठीवर बसू देईना. पोरसवदा अलेक्झांडरनं ताडलं की तो स्वतःच्या सावलीला बुजतोय. त्यानं त्याचं तोंड सूर्याकडे वळवलं आणि स्वार झाला. निदान, उपाय, गुण. अलेक्झांडरच्या मनाला कसली जखम होती याची चौकशी कुणी करत नाही. आपल्याकडे नलाचं नाव पुढं करायचा मोह होतो. अश्वहृदय जाणणारा नल बाहुक बनून ऋतुपर्णाचा रथ हाकतो आणि त्याच वाटेवर त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. पण कली जातो तो ऋतुपर्णानं दिलेल्या अक्षहृदयामुळं, फाशांच्या विद्येमुळं. घोडे बिचारे फक्त पळत होते.

मग वैद्य आणि रोगी यांची अदलाबदल कधी झाली? एका झटक्यात झाली नाही. पहिली पायरी एका अपंग बाईनं चढली आणि तिनं स्वतःबद्दल चकार शब्द लिहिला नाही. नॉरफकच्या ॲना स्यूअलचे घोटे चौदाव्या वर्षी दुखावले, ते पुन्हा धड झालेच नाहीत. तिचं हिंडणंफिरणं घोडागाडीवर अवलंबून राहिलं. अंथरुणाला खिळल्यावर तिनं 'ब्लॅक ब्यूटी' रचली. कधी चिठोऱ्यांवर स्वतः लिहिलं, कधी आईला सांगून लिहवून घेतलं. 1877 च्या अखेरीस पुस्तक आलं आणि काही महिन्यांत ती वारली. पुस्तकात घोडा स्वतः बोलतो. बग्गीचा रुबाब वाढावा म्हणून घोड्याची मान वर ताणून ठेवणारा लगाम तेव्हा प्रतिष्ठितांत फॅशनमध्ये होता. या पुस्तकानं त्याची लाज वाटायला लावली. अमेरिकेत प्राणिदयावाल्या जॉर्ज एंजल यांनी 1890 मध्ये ते छापलं आणि गाडीवानांच्या, मोतद्दारांच्या हाती दिलं. घोड्यानं जिला पाय दिले तिनं घोड्याला वाचा दिली, आणि तरीही कथेत दुखणं घोड्याचंच ठेवलं. हा संयम पुढं फारसा कुणाला जमला नाही.

1886 मध्ये चेकॉव्हनं एक छोटी कथा लिहिली, 'तोस्का'. बर्फ पडतंय. योना हा म्हातारा गाडीवान, त्याचा मुलगा नुकताच वारलाय. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगू बघतो. कुणी घाईत असतं, कुणी टिंगल करतं. रात्री तो तबेल्यात जातो आणि गवत चघळणाऱ्या आपल्या घोडीला सगळं सांगून टाकतो. घोडी चघळत राहते. तो बरा होतो का? चेकॉव्ह ते सांगत नाही. घोड्यानं ऐकणं ही पुढच्या शंभर वर्षांतल्या सगळ्या चित्रपटांची मुख्य हुकमी चाल. ती इथं पहिल्यांदा इतकी उघडी दिसते, आणि तिच्यात उपचाराचा दावा तिळमात्र नाही.

मायकल मॉर्पर्गोच्या 'वॉर हॉर्स'च्या मुळाशीही असाच एक तबेला आहे. शहरातल्या मुलांना आठवडाभर शेतावर आणणारी संस्था तो आणि त्याची बायको डेव्हनमध्ये चालवत. शाळेत तोंडच न उघडणारा, अडखळत बोलणारा एक मुलगा रात्री अंगणात हेबी नावाच्या घोडीशी घडाघडा बोलताना मॉर्पर्गोला दिसला. घोडी जागची हलत नव्हती. पुस्तक लिहावं की नाही या घोळात तो होता, तो तिथं सुटला. कादंबरी 1982 ची. 2007 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरनं तिचं नाटक केलं. दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग कंपनीनं वेताच्या कामट्यांचा घोडा घडवला. तो तीन माणसं चालवत, सगळ्यांना दिसतील अशी. प्रेक्षक पाच मिनिटांत ती माणसं विसरत आणि घोड्याच्या कानाच्या हालचालीवर जीव टाकत. म्हणजे बघणाऱ्याला विरघळवायला खरा घोडाही लागत नाही. हे मला या सगळ्या परंपरेबद्दल फार काही सांगून जातं.

खऱ्या उपचारांची गोष्ट मात्र रंगभूमीवर नाही, क्रीडांगणात सुरू झाली. डेन्मार्कच्या लिस हार्टेलला 1944 मध्ये, पोटात मूल असताना पोलिओ झाला. मूल सुखरूप जन्मलं. तिच्या गुडघ्यांखालच्या पायांत मात्र जीव परतला नाही. घोड्यावर चढताउतरताना तिला आधार लागे. टाच मारून इशारा देणं शक्य नाही म्हणून ज्युबिली नावाच्या घोडीला तिनं पाठीच्या आणि मांड्यांच्या वजनाचे इशारे शिकवले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकपर्यंत ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध हालचाली करवून घेण्याची स्पर्धा, ही लष्करी अधिकाऱ्यांची मिरास होती. त्या वर्षी पहिल्यांदा बायकांना आणि बिनलष्करी स्वारांना दार उघडलं. हार्टेलनं पुरुषांच्या बरोबरीनं उतरून रौप्यपदक मिळवलं. चार वर्षांनी पुन्हा रौप्यच. तिच्या उदाहरणानं युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं निघाली. 1969 मध्ये ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत या कामाच्या राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या.

यात चमत्कार काही नाही. संथ चालणाऱ्या घोड्याची पाठ स्वाराच्या कमरेला पुढंमागं, डावंउजवं आणि थोडं गोल असं हलवते. आपण चालतो तेव्हा कंबर साधारण तशीच हलते. ज्या मुलाला चालता येत नाही त्याच्या शरीराला चालण्याची लय घोड्यावर बसून मिळते. मनाच्या दुखण्यांचं तसं नाही. घोडा माणसाच्या अंगातला ताण चटकन ओळखतो हे खरं, पण म्हणून तो धक्क्यातून, नैराश्यातून बाहेर काढतो असं म्हणायला भरभक्कम पुरावा अजून जमलेला नाही. नाटक-सिनेमावाल्यांनी नेमकं हेच दुसरं टोक उचललं, कारण मन पडद्यावर छान दिसतं आणि कंबर दिसत नाही.

मधे एक काटा होता, पीटर शॅफरचं 'इक्वस'. 1973 मध्ये लंडनला ते रंगभूमीवर आलं. ॲलन नावाचा सतरा वर्षांचा पोरगा सहा घोड्यांचे डोळे फोडतो. मानसोपचारतज्ज्ञ डायसार्ट त्याला बरं करू शकतो, पण बरं करणं म्हणजे त्याच्यातली घोड्याबद्दलची ती भयानक भक्ती खरवडून काढणं, हे त्याला उमगतं. घोडा इथं वैद्य नाही, देव आहे, आणि बरं होणं हे नुकसान आहे. तारेचे मुखवटे घातलेले, धातूचे खूर बांधलेले नट उभ्यानंच घोडे होत. या नाटकाची वाट पुढं कुणी धरली नाही. घोड्यांच्या कथा बघणाऱ्यांना एवढा काळोख सोसत नाही, आणि त्यात त्यांची चूक आहे असंही मला वाटत नाही.

पुढं लोकांनी जवळ केलं ते अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुराख्यांचं शहाणपण. टॉम डोरन्स, त्याचा शिष्य रे हंट आणि हंटचा शिष्य बक ब्रॅनमन. घोडा मोडायचा नाही, त्याला समजून घ्यायचं, योग्य गोष्ट त्याला सोपी करून द्यायची. ब्रॅनमन लहानपणी दोरीचे खेळ करून टीव्हीवर गाजलेला, घरी मात्र बापाच्या हातून मरणाचा मार खाणारा पोर. निकोलस इव्हान्सच्या 1995 च्या कादंबरीतला टॉम बुकर बराचसा त्याच्यावर बेतलेला. कादंबरी अर्धवट असतानाच चित्रपटाचे हक्क तीस लाख डॉलरला गेले. चित्रीकरणात ब्रॅनमन सल्लागारही होता. 2011 मध्ये त्याच्यावर 'बक' नावाचा माहितीपट निघाला आणि सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार घेऊन गेला. त्यात तो स्वच्छ सांगतो की त्याचं काम अडचणीतल्या घोड्यांसाठी आहे, आणि अडचण बहुधा माणूस असते. म्हणजे ज्याच्या आयुष्यावरून माणसाच्या जखमा भरणाऱ्या चित्रपटाचा नायक उभा राहिला, त्या इसमाच्या लेखी रोगी अजूनही घोडाच. रेडफर्डच्या चित्रपटात पिल्ग्रिमचं दुखणं हळूहळू ग्रेसच्या आणि तिच्या आईच्या दुखण्याचं निमित्त होऊन बसतं. इव्हान्सनं निदान घोड्याला दात ठेवले होते. कादंबरीत टॉम रानटी घोड्याच्या टापांखाली मरतो. चित्रपटात आई गाडीत बसून निघून जाते आणि टॉम मागं उरतो. हळहळ भरपूर, इजा शून्य.

कॅनडातली 'हार्टलँड' ही मालिका याचीच घरगुती आवृत्ती. सीबीसीवर ऑक्टोबर 2007 मध्ये ती सुरू झाली. मूळ पुस्तकं व्हर्जिनियातली, मालिका अल्बर्टाच्या टेकड्यांत नेली. पहिल्याच भागात छळ सोसलेल्या स्पार्टन या घोड्याला सोडवून आणताना नायिका एमीची आई अपघातात जाते. मग घोड्याला सावरता सावरता मुलगी सावरते. पुढं भागागणिक नवा बिथरलेला घोडा आणि भाग संपेपर्यंत त्याला उतार. खरा घोडा असा एका बैठकीत बरा होत नाही. पण प्रेक्षकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून बघावं असं टीव्हीवर फार थोडं उरलं होतं, आणि हे त्यातलं एक. 2014 मध्ये 'स्ट्रीट लीगल'ला मागं टाकून ती कॅनडाची सर्वाधिक भागांची एक तासाची कथामालिका ठरली.

त्याच काळात, 2017 मध्ये, क्लोई झाओनं 'द रायडर' केला. डोक्याला गंभीर इजा झालेला लाकोटा जमातीचा रोडिओस्वार ब्रॅडी जॅन्ड्रो त्यात जवळपास स्वतःचीच भूमिका करतो. बापही खरा, बहीणही खरी. एका लांब दृश्यात तो पाठीवर कुणालाही न घेणाऱ्या घोड्याला हळूहळू वश करतो. कुठं थांबायचं, कुठं मागं सरायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं दिसतं. पण डोक्याच्या इजेनं बाधलेला त्याचा हात बरा होत नाही, आकडी आली की मूठ वळते ती उघडतच नाही. ज्या घोड्यावर भिस्त, तो तारेच्या कुंपणात अडकून जखमी होतो आणि त्याला गोळी घालावी लागते. अमेरिकन समीक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेनं 2018 चा सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याची निवड केली. या कुळातलं माझ्या मते सर्वांत खरं काम हेच. 'हार्टलँड' बघून आलेल्या प्रेक्षकाला ते कोरडं वाटलं तर नवल नाही.

'हार्टलँड'च्या प्रेक्षकांचीही परीक्षा पुढं झालीच. जानेवारी 2021 मध्ये चौदाव्या हंगामाच्या पहिल्याच भागात एमीचा नवरा टाय कोसळतो आणि मरतो. नट ग्रॅहम वॉर्डलनं मालिका सोडायचं ठरवलं होतं. तेरा वर्षं ज्यांना दर आठवड्याला जखम भरताना दाखवली, ते या न भरणाऱ्या जखमेवर भडकले. कित्येकांनी पुढं बघणार नाही असं जाहीर केलं. मालिकेनं कथा वर्षभर पुढं ढकलली, एमीला लेकीसह पुन्हा उभं केलं आणि 2024 मध्ये अठरावा हंगामही आणला. आता तिच्या आयुष्यात आलेला नवा माणूस टायची सर करतो की नाही, यावर पानंच्या पानं लिहिली जातात. तबेल्यातल्या घोड्यांवरून एवढं भांडण झालेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.