चचनाम्यातले जाट आणि सोबतचा कुत्रा

सिंधचा विषय निघाला की दोन गट तयारच असतात. एक म्हणतो, इ.स. ७१२ मध्ये मुहम्मद बिन कासिम आला आणि हिंदू संस्कृतीवर घाला पडला. दुसरा म्हणतो, इस्लाम आला आणि जातीने पिचलेल्यांची सुटका झाली. या दुसऱ्या गटात आपलीही पोरं असतात. दोघेही 'चचनामा' पुढे करतात. आम्ही विचारतो, तो वाचलाय किती जणांनी?

हा फारसी ग्रंथ अली कूफी याने इ.स. १२१६ च्या सुमारास लिहिला. आपण एका जुन्या अरबी ग्रंथाचा अनुवाद करतोय, असे तो सांगतो. म्हणजे घटना आणि लेखन यांत पाचशे वर्षांचे अंतर. त्यातले संवाद शब्दशः खरे मानायचे कारण नाही. राजा दाहिरच्या लाचखाऊ सेनापतींचा दाखला बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात दिला, तो आपल्याला पाठ आहे. जाटांचे प्रकरण मात्र कुणी काढत नाही.

दाहिरचा बाप चच हा ब्राह्मण राजा. त्याच्या राज्यात जाट आणि लोहाणांवर निर्बंध होते. मऊ कापड घालायचे नाही. डोके आणि पाय उघडे ठेवायचे. राजाच्या मुदपाकखान्याला जळण पुरवायचे. घराबाहेर पडताना सोबत कुत्रा ठेवायचा, म्हणजे लांबूनच ओळख पटावी. ते अस्पृश्य होते असे म्हणता येत नाही, पण वाचताना पेशवाईतले मडके आणि झाडू डोळ्यांपुढे येतातच.

दाहिर पडल्यावर कासिमने त्याच्याच जुन्या वजिराला, सियाकरला, विचारले की या लोकांना तुम्ही कसे वागवत होता? वजिराने सगळे नियम सांगितले. कासिमने ते तसेच चालू ठेवले. ब्राह्मणाबादच्या ब्राह्मणांनाही करवसुलीची कामे मिळाली. राजा बदलला, धर्म बदलला, पण सल्ला देणारा तोच राहिला. मग 'आक्रमक की मुक्तिदाता' या भांडणात आपण कुणाची वकिली करायची? जाटांच्या बाजूने तर कुणीच बोलत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या उशिराच्या ग्रंथावर विश्वास कशाला? ठीक आहे, नवव्या शतकातला बलाधुरी घ्या. तो लिहितो, सिंधचा सुभेदार इम्रान बिन मूसा याने जाटांना बोलावून त्यांच्या हातांवर शिक्के मारले, जिझिया घेतला आणि हजेरीला येताना प्रत्येकाने कुत्रा आणावा असे फर्मावले. हा इम्रान बरमकी घराण्यातला. त्याचे पूर्वज बल्खच्या नवबहार या बौद्ध विहाराचे प्रमुख होते. त्याच्या त्या हुकुमाने कुत्र्याचा भाव ५० दिरहमांवर गेला आणि ते पैसे जाटांनाच मोजावे लागले.