मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाचे एक वर्ष : १८६२

अमेरिकेतील यादवी युद्ध आणि मुंबईचा भाग्योदय यांचा संबंध शालेय इतिहासात एका वाक्यात सांगून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. अमेरिकेचा कापूस बंद झाला, हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचे मोल आले, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि १८६५ साली तो ओसरला, एवढे विद्यार्थ्याला ठाऊक असते. शिक्षकालाही पुष्कळदा त्यापलीकडे जाण्याचे प्रयोजन पडत नाही. परंतु या व्यवहाराला दुसरे टोक होते. हा कापूस ज्या प्रांती जावयाचा, त्या लँकाशरमध्ये मुंबईच्या सुगीच्या त्याच दिवसांत चुली विझल्या होत्या. त्या प्रांताच्या व्यापाराचा कारभार पाहणारी जी संस्था, मँचेस्टरचे चेंबर ऑफ कॉमर्स म्हणजे व्यापारी मंडळ, तिने १८६२ हे वर्ष कसे काढले, हे पाहणे आम्हांस दोन कारणांनी अगत्याचे वाटते. एक तर संकटात माणसाप्रमाणे संस्थेचीही तत्त्वे कसास लागतात. दुसरे असे, की त्या वर्षी या मंडळाची नजर ज्या भूभागावर खिळली होती, तो धारवाड, हुबळी, कारवारचा मुलूख आमच्या बेळगावच्या अंगणातला आहे.

मंडळाची परंपरा मोठी होती. १७९४ साली मँचेस्टरात व्यापाऱ्यांची एक सभा निघाली. तिचे पुढे विसर्जन होऊन १८२० मध्ये चेंबर या नावाने नवी संस्था उभी राहिली. १८३८ च्या डिसेंबरात रिचर्ड कॉब्डेनने याच मंडळाच्या सभेत धान्यावरील जकातीविरुद्धचा अर्ज मंजूर करून घेतला, आणि १८४६ मध्ये तो कायदा रद्द झाला. सरकारने व्यापारात हात घालू नये, मागणी व पुरवठा यांस आपला मार्ग आपण शोधू द्यावा, हे मत मँचेस्टरच्या नावानेच जगात ओळखले जाऊ लागले. एखाद्या गावाच्या नावाने अर्थशास्त्राचा एक पंथच चालावा, हे भाग्य थोड्याच गावांच्या वाट्यास आले असेल.

या पंथाच्या तटबंदीत एक खिंडार होते, ते म्हणजे परावलंबन. १८६० साली ब्रिटनमध्ये सुमारे १३९ कोटी पौंड वजनाचा कापूस आला. त्यातला १११ कोटी पौंडांहून अधिक एकट्या अमेरिकेचा, आणि हिंदुस्थानचा केवळ २० कोटी. गुलामांच्या श्रमावर पिकणारा हा पुरवठा एके दिवशी खंडित होईल, ही भीती सुज्ञांस नव्हती असे नाही. म्हणून तर १८५७ मध्ये मँचेस्टरात कापूस-पुरवठा संस्था स्थापन झाली. पण तिच्या सभांना टाळ्या जितक्या मिळत तितका पैसा मिळत नसे. जोवर लिव्हरपूलच्या धक्क्यावर अमेरिकेचे लांब धाग्याचे गठ्ठे उतरत होते, तोवर सुरतेच्या आखूड धाग्यासाठी कोण खिसा हलका करील?

एप्रिल १८६१ मध्ये युद्धास तोंड लागले. तरी त्या वर्षी गिरण्या बंद पडल्या नाहीत, आणि येथेच आपल्या प्रचलित समजुतीला थोडी मुरड घालावी लागते. मागील दोन वर्षांत लँकाशरने बेसुमार माल काढला होता. मुंबई आणि कलकत्ता येथील वखारी विलायती कापडाने तुंबल्या होत्या. कापसाचा साठाही लिव्हरपुलात पुष्कळ होता. म्हणजे युद्ध झाले नसते तरी मंदी येणारच होती. युद्धाने तिला निमित्त दिले आणि तिचे दिवस वाढविले. ज्यांच्यापाशी न खपलेले कापड पडून होते, त्या गिरणीवाल्यांना कापूस महागल्याने तोटा न होता लाभच झाला, कारण जुन्या मालालाही नवा भाव आला. मंडळात बसणाऱ्या सर्वांचे हित एक नव्हते, ही गोष्ट त्याचे अर्ज वाचताना विसरता कामा नये. मोठा सूत-व्यापारी आणि लहान गिरणीवाला एकाच खोलीत बसत असले, तरी त्यांच्या रात्री सारख्या जात नव्हत्या.

१८६२ उजाडले ते अमेरिकन कापसावाचून. त्या सबंध वर्षात अमेरिकेहून दीड कोटी पौंडही कापूस आला नाही. हिंदुस्थानातून ३९ कोटी पौंड आला खरा, पण एकूण आवक ५२ कोटींवर थांबली. १८६० मध्ये पौंडामागे सहा-सात पेन्सांस मिळणारा अमेरिकन कापूस सप्टेंबरात दोन शिलिंगांच्याही वर गेला. आणि चमत्कार असा, की या टंचाईच्या काळातही लिव्हरपूलचे दलाल कापूस युरोपखंडाकडे, इतकेच नव्हे तर खुद्द न्यूयॉर्ककडे पाठवीत होते, कारण तेथे अधिक दाम येत होता. मँचेस्टरला आपल्याच शास्त्राचा असा प्रयोग दारात पाहावा लागला.

मग मंडळ वळले हिंदुस्थान सरकारकडे. त्या काळच्या त्याच्या मागण्या एकत्र मांडल्या म्हणजे मोठे कुतूहल वाटते. सरकारने रस्ते बांधावे, बंदरे सुधारावी. वऱ्हाडचा कापूस समुद्राला लागावा म्हणून गोदावरी नौकानयनास योग्य करावी. पडीक जमिनी युरोपियनांस कायमच्या मालकीने विकाव्या. रयतेने आगाऊ पैसे घेऊन करार मोडला तर तो फौजदारी गुन्हा ठरवावा. त्यासोबत जुनी मागणी होतीच, की विलायती सूत व कापड यांवरील हिंदुस्थानातील आयात-जकात कमी करावी. १८५७ च्या उठावाच्या खर्चाने खंक झालेल्या सरकारने कापडावर शेकडा १० पर्यंत जकात चढविली होती. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला होता. त्या बाळाला या जकातीचे दूध मिळते, ही मँचेस्टरची तक्रार. या एका बाबतीत मंडळास यश आले. १८६२ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री सॅम्युएल लैंग यांनी कापडावरील जकात शेकडा ५ आणि सुतावरील साडेतीन इतकी उतरविली. म्हणजे कापसाच्या दुष्काळाच्या वर्षी मँचेस्टरने हिंदुस्थानाकडून पहिली जी गोष्ट पदरात पाडून घेतली, ती कच्च्या मालाची नव्हती, बाजारपेठेची होती.

बाकीच्या मागण्यांवर भारतमंत्री सर चार्ल्स वुड यांच्याशी त्यांचे खटके उडाले. वुड यांचा आशय असा, की तुम्ही तुमचे आडते तेथे पाठवा, चांगला भाव द्या, म्हणजे कापूस आपोआप येईल; सरकारने व्यापाऱ्याचे काम का करावे? पडीक जमिनींबाबत गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी आखलेले उदार नियम त्यांनी जुलै १८६२ मध्ये आखडते घेतले. करारभंगास तुरुंगाची शिक्षा देण्याचा बेतही त्यांनी मान्य केला नाही. बंगालमधील निळीच्या मळ्यांचा दंगा नुकताच होऊन गेला होता, आणि आगाऊ पैशाच्या दोरीने रयत कशी बांधली जाते हे त्यांच्या ध्यानी होते. मँचेस्टरला मँचेस्टरचेच पाठ म्हणून दाखविणारा हा मंत्री मंडळास अत्यंत अप्रिय झाला. पण मंडळाचा पक्ष अगदीच पोकळ होता असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे म्हणणे असे, की हिंदुस्थानात सरकार हेच जमीनदार आहे. सारा घेणाऱ्या धन्याने शिवारापर्यंत वाट करून देऊ नये काय? हा प्रश्न न्याय्य होता. तो आमच्या रयतेने विचारला असता तर अधिक शोभला असता, एवढेच.

या वादाचा खरा निकाल संसदेत लागला नाही, तो सदाशिवगडाच्या वाळूत लागला. धारवाड जिल्ह्यात अमेरिकन बियाण्याचा कापूस १८४० नंतरच्या दशकात रुजला होता. कंपनी सरकारने १८४० मध्ये अमेरिकेहून जे दहा लागवडकर्ते आणविले, त्यांचे प्रयोग इतरत्र बहुतेक फसले. हुबळी, गदगच्या काळ्या रानात मात्र ते पीक टिकले. या भागाचा माल लमाणांच्या बैलांवरून घाट उतरून कुमठ्यास जाई, तेथून गलबतांनी मुंबईस, आणि मुंबईस दाबून गठ्ठे झाल्यावर विलायतेस. त्या बंदराच्या नावाने इकडच्या देशी कापसालाही 'कुमठा' हेच नाव पडले. वाटेत सावकार, आडत्ये, दलाल. आणि प्रत्येकाच्या हातून थोडे पाणी, थोडी सरकी, थोडी माती त्यात पडावयाची. मँचेस्टरच्या मंडळींनी ठरविले, की काळी नदीच्या मुखाशी कारवारजवळ सदाशिवगडास थेट बंदर करावे, तेथेच दाबयंत्रे बसवावी, आणि मुंबईस वळसा घालून माल परस्पर न्यावा. १८६० मध्ये त्यासाठी मँचेस्टर कॉटन कंपनी निघाली. सरकारने रस्त्याचे आश्वासन दिले. कंपनीचे लोक यंत्रे घेऊन किनाऱ्यास उतरले, तेव्हा बंदर नव्हते आणि घाटरस्ता पुरा झालेला नव्हता. उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यात, कापूस पिकतो तो धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात. एकाने करावयाचे काम दुसऱ्याच्या उपयोगाचे, मग घाई कोणाला? या गोंधळापायी अखेर १८६२ मध्ये तो जिल्हाच मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. आज कारवारच्या शाळांतून इलाख्यांच्या सरहद्दी शिकविताना यामागे लँकाशरच्या गिरण्या होत्या, हे किती शिक्षक सांगत असतील?

कापूस-पुरवठा संस्थेचे सचिव हेवुड हे त्या सुमारास स्वतः पश्चिम हिंदुस्थानात फिरले व त्यांनी सरकारच्या दिरंगाईवर कडक टीका केली. टीकेत तथ्य होते. पण तिच्यात एक गोष्ट येत नाही: कंपनीस योजलेले भांडवल मँचेस्टरने कधीच पुरे दिले नाही. कारण उघड होते. प्रत्येक गिरणीवाला मनात म्हणे, युद्ध उद्या संपले तर? तह झाला की अमेरिकन कापूस धो धो येणार आणि धारवाडात घातलेले पैसे बुडणार. म्हणून धोका सरकारने पत्करावा, फळ आपण घ्यावे, अशी वृत्ती. कंपनी थोड्याच वर्षांत गुंडाळावी लागली. धारवाडचा कापूस मात्र वाढत्या भावाने जुन्याच वाटांनी, जुन्याच दलालांच्या हातून समुद्राकडे जात राहिला. वुड यांचे भाकीत बव्हंशी खरे ठरले, पण त्यांनी राखावयास हवा होता तो रस्त्याचा शब्द त्यांच्या सरकारने वेळेवर राखला नाही, हेही खरे.

इकडे लँकाशरमध्ये कामगारांची दैना वाढत चालली. सुरतेचा कापूस मिळाला तरी त्याचा धागा वारंवार तुटे. खोलीत वाफ कोंडून तो ओला ठेवावा लागे. मालाच्या नगावर मजुरी असल्याने दिवसभर राबूनही हाती कमी पडे. एका प्रार्थनामंदिरात कापसासाठी देवाची करुणा भाकली जात असता मागून कोणी "पण सुरतेचा नको रे देवा!" म्हणून ओरडले, अशी आख्यायिका त्या प्रांती प्रसिद्ध आहे. 'सुरत' हा शब्दच तेथे वाईट मालाला पर्याय झाला. हजारो मैलांवरील आपल्या शेतकऱ्याला याची वार्ताही नसेल!

१८६२ च्या डिसेंबरात सरकारी दरिद्रनिधी आणि मदतसमित्या यांवर जगणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या आसपास गेली. लँकाशरची सारी वस्ती तेव्हा चोवीस लाखांची. आठवड्याला दीड लाख पौंडांहून अधिक मजुरी बुडत होती. मदतीचे काम लॉर्ड डर्बी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चालविले. २ डिसेंबरच्या मोठ्या सभेत वर्गणीचा ओघ लागला, आणि हिंदुस्थानातूनही पैसा गेला. सधन गिरणीवाल्यांनी हात आखडता घेतला, असा आरोप त्या वेळी इंग्लंडातच उघडपणे झाला. सर्वांना तो लागू नाही. कामगारांना घरभाडे माफ करणारे, बंद गिरणीत शाळा चालविणारे मालकही होते.

उपाशी लोक काय म्हणत होते? वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली. नाकेबंदी मोडून कापूस आणा, दक्षिणेस मान्यता द्या, अशी हाकाटी इंग्लंडात चालू असता या सभेने गुलामगिरी नष्ट करण्याबद्दल अध्यक्ष लिंकन यांस पाठिंब्याचे पत्र धाडले. लँकाशरच्या सगळ्याच गावांचे मत तसे होते असे नाही. काही गावी दक्षिणेची बाजू घेणारेही बरेच होते. तरी लिंकन यांनी १९ जानेवारी १८६३ रोजी त्यास जे उत्तर दिले, त्यावरून त्या पत्राची किंमत कळते. गंमत पाहा, की हे सभागृह मुक्त व्यापाराच्या विजयाचे स्मारक म्हणून बांधलेले.

आणि मंडळाचे धुरीण? काही काळापूर्वीपर्यंत मंडळाचे अध्यक्ष असलेले कापड-छपाईचे कारखानदार एडमंड पॉटर यांचे एक पत्र मार्च १८६३ मध्ये 'टाइम्स'मध्ये छापून आले. बेकार कामगारांना परदेशी वसाहतींत जाण्यास सरकारने साहाय्य करावे, अशी सूचना पुढे आली होती. तिला त्यांचा विरोध होता. हे कसबी हात एकदा गेले की परत यावयाचे नाहीत, मग गिरण्या आणि भांडवल यांचे काय? तेव्हा पन्नास-साठ लाख पौंडांचे कर्ज काढून दोन-तीन वर्षे त्यांना येथेच कसेबसे पोसावे, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणजे सरकारचा हात आता घरीही चालणार होता, फक्त तो कामगाराला जाऊ न देण्यासाठी हवा होता. मनुष्य हे गिरणीतील यंत्राचेच दुसरे अंग, असा या पत्राचा सूर 'टाइम्स'लाही खटकला, आणि कार्ल मार्क्सने पुढे आपल्या 'भांडवल' ग्रंथात हे पत्र विस्ताराने उतरविले. त्याच आठवड्यात स्टेलीब्रिज गावी मदतीच्या पद्धतीवरून कामगारांचा दंगा होऊन गेला होता. उन्हाळ्यात सार्वजनिक कामांसाठी बारा लाख पौंड कर्जाऊ देण्याचा कायदा झाला. त्यातून लँकाशरच्या गावांत गटारे, रस्ते आणि बागा झाल्या.

१८६५ च्या एप्रिलात युद्ध संपले. मुंबईत १ जुलै १८६५ रोजी सट्ट्याच्या वायद्यांची मुदत भरली आणि पेढ्या कोसळल्या, तो भाग सर्वपरिचित आहे. लिव्हरपूलच्या धक्क्यावर अमेरिकेचे गठ्ठे पुन्हा उतरू लागले. गोदावरीच्या नौकानयनावर पुष्कळ पैसा खर्च होऊन तो बेत सोडून देण्यात आला, आणि मँचेस्टरची कापूस-पुरवठा संस्था १८७२ मध्ये बरखास्त झाली. हिंदुस्थानातील आयात-जकातीविरुद्धचे मंडळाचे अर्ज मात्र त्यानंतरही येतच राहिले, आणि १८८२ मध्ये ती जकात पूर्णपणे उठविण्यात आली.