अजिंठा भित्तिचित्रांवरील व्हार्निश व लाखेचे थर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांची भित्तिचित्रे हा भारतीय चित्रकलेचा अमूल्य ठेवा होय. या चित्रांच्या ऱ्हासाची चर्चा करताना पावसाचे पाणी, वटवाघळे, कीटक व धूर यांचा उल्लेख नेहमी केला जातो. तथापि, चित्रांसाठीच नेमलेल्या जाणकार माणसांच्या हातूनही त्यांवर डाग पडले, ही बाब काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. हे थर का चढवले गेले आणि ते उतरवणे इतके कठीण का ठरले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चित्रांचे तंत्र :

अजिंठ्याचे चित्रण ओल्या चुन्यावरील नाही. बसाल्ट खडकावर माती, वाळू, भाताचे तूस व वनस्पतींचे धागे यांचा गिलावा देऊन त्यावर चुन्याचा पातळ हात दिला जाई. तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले जात. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व लाजवर्द हे त्यांतील प्रमुख रंग होत. रंग भिंतीत मुरलेले नसून पृष्ठभागावर बसलेले असल्याने कापड वा गालिच्याप्रमाणे येथे धुण्याची सोय नाही. पाण्याचा हात फिरवल्यास डागाबरोबर चित्रही जाण्याचा धोका असतो.

व्हार्निशचा थर :

२८ एप्रिल १८१९ रोजी लेणे क्र. १० मध्ये आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चित्रावरच आपले नाव कोरले. पुढे १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्यानंतर १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह हे काम पुन्हा हाती घेतले. अंधाऱ्या लेण्यात रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवरील चित्रांना व्हार्निश लावण्यात आले. ग्रिफिथ्स यांच्याही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. प्रती गेल्या, व्हार्निश मात्र भिंतीवर राहिले. अर्थात, उरलेल्या प्रतींमुळेच आज नष्ट झालेल्या काही चित्रांचे स्वरूप कळते, हेही नमूद केले पाहिजे.

लाखेचा थर :

निजामाच्या राज्यात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन होऊन गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. चित्रांच्या रक्षणासाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व ऑर्सिनी या तज्ज्ञांना १९२०च्या सुमारास पाचारण करण्यात आले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीशी पक्का केला. हे त्यांचे कार्य मोलाचे आहे. परंतु रंग टिकावेत म्हणून चित्रांवर लाखेचे रोगणही चढवण्यात आले. लाकडी सामानाच्या पॉलिशसाठी सुतार जो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात, तेच हे द्रव्य. लाख कालांतराने पिवळी पडते, आकसते व तडकते; तडकताना खालच्या रंगाचे पापुद्रे ओढून घेते. तिच्यावर धूळ व काजळी बसून चित्रे काळवंडली. शिवाय जुनी लाख पूर्वीसारखी सहज विरघळत नाही.

स्वच्छतेचे कार्य :

१९५३ मध्ये लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आल्यावर रासायनिक स्वच्छतेस पद्धतशीर प्रारंभ झाला. १९९९ पासून लेणे क्र. ९ व १० मधील प्राचीन चित्रांवरील थर उतरवण्याचे काम हाती घेण्यात आले आणि इसवी सनापूर्वीच्या आकृती पुन्हा दृष्टीस पडल्या. अशा कामात द्रावणाची परीक्षा प्रथम एखाद्या लहानशा कोपऱ्यात घ्यावी लागते. वरचा थर विरघळावा, पण रंगाचे बंधक द्रव्य सुटू नये, इतकीच मात्रा योजावी लागते.

निष्कर्ष :

१. ही हानी द्वेषातून नव्हे, तर तत्कालीन गरजेतून व अपुऱ्या ज्ञानातून झाली. एका पिढीचा उपाय पुढच्या पिढीसाठी डाग ठरला.

२. स्मिथ यांनी कोरलेली अक्षरे पुसता येत नाहीत. लाख मात्र मोठ्या कष्टाने का होईना, उतरवता येते. म्हणून जो थर पुढे निरुपद्रवीपणे काढता येईल, तोच चढवणे योग्य होय.

३. कोणी, कोठे व कोणते द्रव्य वापरले याची नोंद ठेवणे हे स्वच्छतेइतकेच महत्त्वाचे आहे. डाग कशाचा हे ठाऊक नसताना केलेली स्वच्छता ही नव्या हानीची सुरुवात ठरू शकते.