सर्व्हर संथ झाला, पण तो वाट कशाची बघतोय?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात मी आमच्या गटातल्या एका सीनियरचं नऊ दिवसांचं काम एका कमांडमध्ये संपवलं. तेव्हा गटाच्या सामायिक सर्व्हरची देखभाल माझ्याकडे होती. एका संध्याकाळी टाईप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटायलाच चार-पाच सेकंद लागायला लागले. मी ‘टॉप’ लावून बघितलं, तर लोड ॲव्हरेज ७१. आमच्या सर्व्हरला कोअर ३२. म्हणजे दुपटीहून जास्त भार, असा सरळ हिशेब मी केला. यादीत सगळ्यात वर सीनियरचा प्रोग्राम होता, एक अख्खा कोअर धरून बसलेला. फोन लागला नाही. मी तो प्रोग्राम मारला.

लोड ७० झाला. सर्व्हर होता तसाच संथ.

दुसऱ्या दिवशी कळलं की नेटवर्कवरचं स्टोरेज अडकलं होतं. उरलेले सत्तर प्रोग्राम त्या स्टोरेजवरच्या फायलींची वाट बघत खोळंबले होते. प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता, आणि हे त्याच स्क्रीनवर वरच्या ओळीत लिहिलेलं होतं. मी मारलेला प्रोग्राम हा त्या रात्री नीट चालणारा एकमेव प्रोग्राम होता.

मग मला प्रश्न पडला, की ७१ हा आकडा मोजतो तरी काय? त्याचं उत्तर शोधताना मी संगणकाच्या इतिहासात शिरले. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर कधी ना कधी असा सामायिक सर्व्हर तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून हा इतिहास तुमच्यासाठी लिहितेय.

आधी रांग, मग पाळी

१९६० च्या आसपास संगणक ‘संथ वाटणं’ हा प्रकारच नव्हता. तुम्ही पंचकार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छापील उत्तर घ्यायला यायचं. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा तीच वारी.

नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकच यंत्र, पण टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर बसलेल्या प्रत्येकाला वाटावं की ते आपलंच आहे. १९६२ मध्ये कॉर्बाटो, मार्जोरी डॅगेट आणि रॉबर्ट डेली यांनी त्यावर निबंध लिहिला. त्यातली मुख्य युक्ती आजही पाठ्यपुस्तकात शिकवतात. छोट्या कामाला लगेच पाळी द्यायची. काम पाळीत संपलं नाही, तर त्याला खालच्या रांगेत ढकलायचं. तिथे पाळी उशिरा येते, पण आली की जास्त वेळ मिळतो.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. मोठा प्रोग्राम संथ चालणं हा या रचनेत बिघाड नव्हता, तो निर्णय होता. कुणीतरी ठरवलं होतं की टर्मिनलवर बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही.

जाता जाता एक दंतकथा. १९७३ मध्ये एमआयटीचं आयबीएम ७०९४ बंद केलं तेव्हा १९६७ पासून पाळीची वाट बघणारं एक काम त्यात सापडलं, असं सांगतात. ऑपरेटिंग सिस्टीमच्या एका नावाजलेल्या पाठ्यपुस्तकातही ही गोष्ट आहे, पण ते पुस्तक स्वतःच तिला ‘अफवा’ म्हणतं. पुढे सांगणारे नेमका तेवढा शब्द गाळतात. शोधनिबंधात असं काही वापरण्याआधी मूळ वाक्य वाचायची सवय लावा.

उपायच रोग होतो तेव्हा

पुढच्या काही वर्षांत एक विचित्र अनुभव यायला लागला. प्रोग्राम वाढवत नेले की एका टप्प्यापर्यंत यंत्र जास्त काम करायचं, आणि मग अचानक कोसळायचं. हळूहळू मंदावायचं नाही, एकदम ठप्प.

१९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी याचं कारण मांडलं. प्रत्येक प्रोग्रामला एका वेळी मेमरीचा ठरावीक भाग हाताशी लागतो. त्याला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटलं. सगळ्यांचे वर्किंग सेट मिळून मेमरीत मावेनासे झाले की एकाची पानं आणायला दुसऱ्याची बाहेर काढावी लागतात, आणि लगेच ती परत आणावी लागतात. यंत्र ने-आण करण्यातच दमतं. याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात.

गंमत बघा. या काळात प्रोसेसर मोकळा दिसतो, कारण सगळे पानांची वाट बघत असतात. मोकळा दिसतो म्हणून व्यवस्था आणखी प्रोग्राम आत घेते, आणि रोग वाढतो. म्हणजे ‘प्रोसेसर मोकळा आहे’ हे वाक्य खरं असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक ठरू शकतो. माझी चूक याच्या उलट दिशेची होती. मी आकडा मोठा बघितला आणि प्रोसेसर मोकळा आहे का, हे पाहिलंच नाही.

एका आकड्याचा अर्थ बदलतो

आता ७१ कडे येऊ. १९७३ च्या ‘आरएफसी ५४६’ या छोट्याशा दस्तऐवजात टेनेक्स प्रणालीच्या लोड ॲव्हरेजचे आकडे आहेत. तिथला अर्थ स्वच्छ आहे. एका प्रोसेसरच्या यंत्रावर लोड १० म्हणजे एक प्रोग्राम चालू आणि नऊ प्रोसेसरसाठी तयार उभे. युनिक्समध्येही हा आकडा आला.

ऑक्टोबर १९९३ मध्ये लिनक्स अगदी नवं असताना मॅथियास उर्लिक्स यांनी त्यात बदल सुचवला. त्यांचं म्हणणं असं: स्वॅपसाठी वेगवान डिस्क काढून संथ डिस्क बसवली, तर प्रोग्राम डिस्कची वाट बघत बसतात, ‘तयार’ नसतात, म्हणून लोड उलट कमी दिसतो. यंत्र संथ आणि आकडा म्हणतो सगळं छान. म्हणून डिस्कसारख्या गोष्टीसाठी अडकलेले, मध्येच उठवता न येणारे प्रोग्रामही मोजायचे ठरले. ‘टॉप’मध्ये ते ‘डी’ या अक्षराने दिसतात.

बँकेचं उदाहरण घ्या. जुना आकडा सांगायचा, की कॅशियरच्या खिडकीसमोर किती जण उभे आहेत. लिनक्सचा आकडा सांगतो, की बँकेत एकूण किती जण खोळंबलेत. त्यात साहेबांच्या सहीसाठी बाकावर बसलेलेही आले. त्या संध्याकाळी खिडकी रिकामी होती, बाकावर सत्तर जण होते, आणि मी खिडकीवरच्या एकट्या माणसाला हाकललं.

हा बदल का झाला, हे पुढे बहुतेकांच्या विस्मरणात गेलं. २०१७ मध्ये ब्रेंडन ग्रेग यांनी जुन्या पत्रव्यवहाराचे संग्रह चाळून १९९३ ची ती नोंद शोधून काढली आणि खुद्द उर्लिक्स यांना विचारून खात्री केली. कुणी म्हणेल हे इंजिनियरचं काम, पण माझ्या मते हे अभिलेखागारातलं अस्सल संशोधन आहे. २०१८ च्या अखेरीस लिनक्समध्ये ‘प्रेशर स्टॉल’ नावाची वेगळी मापं आली. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कशापायी किती वेळ वाया जातोय, ते ती वेगवेगळं सांगतात. एका आकड्यात कोंबलेले तीन प्रश्न पंचवीस वर्षांनी सुटे झाले.

मग तुम्ही काय करायचं?

सर्व्हर अडला की आधी लोडचे तिन्ही आकडे बघा. ते अनुक्रमे एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे असतात, त्यामुळे त्रास वाढतोय की ओसरतोय ते कळतं. मग कोअर किती आणि प्रोसेसर खरंच व्यग्र आहे का ते बघा. तो मोकळा आणि ‘डी’ अक्षरांची रांग दिसली, तर डिस्क किंवा नेटवर्क स्टोरेज तपासा. असे प्रोग्राम बहुतेक वेळा मारूनही मरत नाहीत, तेव्हा ‘किल’ पुन्हा पुन्हा मारण्यात अर्थ नाही. स्वॅपची ये-जा सतत चालू असेल, तर डेनिंग आठवा आणि नवीन काम सुरू करू नका. प्रोसेसरच खरोखर भरला असेल, तर प्रोग्राम मारण्याआधी ‘नाइस’ने त्याची पाळी मागे ढकलता येते. आणि दुसऱ्याचा प्रोग्राम असेल तर त्या माणसाशी बोलल्याशिवाय हात लावू नका. फोन लागला नाही तर थांबा.

स्वतःच्या लांबलचक प्रोग्रामची मधली स्थिती दर काही तासांनी फाईलमध्ये साठवा. सीनियरने ती साठवली नव्हती. तो मला फक्त एवढंच म्हणाला, “मारायच्या आधी वरची ओळ वाचली होतीस का?” मी वाचली नव्हती.

तुमचा विषय संगणक नसेल, तरी एवढं लक्षात ठेवा. जनगणनेचा तक्ता असो, पावसाची नोंद असो की लोड ॲव्हरेज, आकडा हाही एक दस्तऐवज असतो. तो कुणी, कधी, कोणत्या अडचणीपोटी मोजायला घेतला आणि मध्ये त्याची व्याख्या कुणी बदलली, हे विचारा. माझ्याकडून ते विचारायचं राहिलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याने नऊ दिवस पुन्हा काम करून मोजली.