रूपांतरातून पानाची मांडणी : प्रस्तावना

वेबपान घडवण्याच्या विद्येतला हा एक असा भाग आहे की विद्यार्थी त्याकडे उशिरा वळतात, तेही बहुधा नोकरीत गरज पडली म्हणून. माहिती एकीकडे साठवायची, तिचे रूप दुसरीकडे लिहायचे आणि दोहोंची सांगड एका नियमावलीने घालायची, एवढेच त्याचे सूत्र. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हे पुस्तक लिहिले आहे. त्यांना या विषयात बोलावताना मला मनापासून आनंद होतो, कारण मराठी लिहिता-वाचता येणाऱ्याला इथल्या अवघड जागा इतरांच्या आधी दिसतात.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अशा जुन्या ग्रंथालयाच्या सूचीतली एखादी नोंद डोळ्यांसमोर आणा: लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष, दाखल क्रमांक. वाचकाला ती मोबाइलवर एकाखाली एक ओळींत हवी असते, ग्रंथपालाला तक्त्यात, तर छापील सूचीत दोन स्तंभांत. तीन रूपांसाठी नोंद तीनदा टाइप केली, तर तिसऱ्या वेळी चूक ठरलेलीच. म्हणून ती एक्सएमएलमध्ये एकदाच लिहायची आणि प्रत्येक रूपासाठी एक्सएसएलटीची स्वतंत्र नियमावली करायची. 'शीर्षक' आले की ठळक ओळ काढ, 'दाखल क्रमांक' आला की तो वाचकाच्या पानावर गाळ, अशा धाटणीचे हे नियम असतात. त्यातून तयार झालेल्या पानाला रंग, समास, अक्षराचा आकार देण्याचे काम सीएसएसचे. सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ची, एक्सएमएलची फेब्रुवारी १९९८ची. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली एक्सएसएलटी नोव्हेंबर १९९९ मध्ये आली.

मराठीला या सूत्राचा लाभ उशिरा झाला, याची मला आजही हळहळ वाटते. युनिकोड रुळण्याआधीच्या आपल्या फॉन्टांमध्ये मजकूर आणि रूप एकजीव होते. प्रत्येक फॉन्टची संकेतप्रणाली वेगळी. 'कि' लिहिताना वेलांटी आधी साठवली जाई आणि 'क' नंतर, कारण ती दिसते डावीकडे. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसला की पानावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. फॉन्ट बदलला की मजकूरच बदलतो, अशा स्थितीत रूपासाठी वेगळी नियमावली लिहिण्याला अर्थच नव्हता. युनिकोडने अक्षराला त्याच्या चित्रापासून मोकळे केले, तेव्हा कुठे मराठी पान या विद्येच्या कक्षेत आले.

आता मुख्य अडचण. रूपांतर करणाऱ्या नियमावलीला पान दिसत नाही. ती चालते आणि संपते तेव्हा ब्राउझरने एकही अक्षर मोजलेले नसते. ओळ कुठे तुटेल, तक्त्याचा रकाना किती फुगेल, मथळा दुसऱ्या ओळीवर जाईल का, हे तिला ठाऊक असण्याचा मार्गच नाही. तरीही मांडणी मुठीत ठेवायचा मोह सुटत नाही. मग नियमावलीतच पिक्सेलमध्ये रुंदी लिहिली जाते, ठरावीक अक्षरांनंतर मथळा कापला जातो.

हा कापण्याचा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. 'श्री' हे आपल्याला एकच अक्षर दिसते. संगणकाकडे ते श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे चार संकेत असतात. मोठे आद्याक्षर काढण्यासाठी पहिले एक चिन्ह मागितले की हाती नुसता 'श' येतो. दोन मागितली की पाय मोडलेला 'श्'. इंग्रजी पानावर बरी चालणारी नियमावली इथे शब्द मधोमध चिरते. अक्षरसंख्येवरून रुंदीचा अंदाज तर मराठीत मुळीच बांधता येत नाही.

क्रमवारीचेही तसेच. कल्याण, कळवा आणि कसारा ही तीन स्थानके वर्णक्रमाने लावायला सांगा. केवळ संकेतक्रमांक पाहणारी प्रणाली ती याच क्रमाने देईल, कारण युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसतो. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'च्या नंतर. म्हणून मराठी क्रम कल्याण, कसारा, कळवा असाच हवा. त्यासाठी मराठीची क्रमवारी नेमून द्यावी लागते आणि आपली प्रणाली ती पाळते की नाही, हेही तपासावे लागते. तीन स्थानकांच्या यादीत हा घोळ नजरेत भरतो, मतदारयादीत तो दडून राहतो.

कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या आरंभीच नागरी सेवा संगणकावर आणल्या आणि राज्यातल्या इतर पालिकांनी पुढे तो कित्ता गिरवला. अशा कोणत्याही पालिकेचे मालमत्ता कराचे बिल घडवायचे आहे असे समजा. रक्कम १,२३,४५६ अशी छापायची. एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीत संख्येच्या साच्यातला फक्त शेवटचा स्वल्पविराम गटाचा आकार ठरवतो, त्यामुळे उत्तर येते १२३,४५६. लाख तिला समजतच नाही. २००७च्या दुसऱ्या आवृत्तीत हे दुरुस्त झाले. देवनागरी अंक मात्र पहिल्या आवृत्तीतही मिळत. शून्याच्या जागी '०' नेमले की बाकीचे नऊ अंक आपोआप मागे येतात. ही सोय मला फार आवडते.

माझे मत स्पष्ट आहे. रूपांतराने अर्थ, क्रम आणि खुणा एवढेच द्यावे. मोजमाप सीएसएस आणि ब्राउझर यांच्यावर सोडावे. खुणांमध्ये भाषेची खूण सर्वांत मोलाची. पान मराठी आहे असे नियमावलीने नोंदवले, तरच 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे ज्या फॉन्टमध्ये आहेत तो ती दाखवतो. नाहीतर हिंदी वळणे उमटतात. ओळींमधले अंतरही इंग्रजीच्या मापाने ठेवून भागत नाही. 'र्कीं'चा रफार व अनुस्वार वर आणि 'ट्ठू'चा उकार खाली, दोघांनाही जागा लागते.

ब्राउझरमधली एक्सएसएलटी पहिल्या आवृत्तीपुढे कधी गेली नाही, आणि ती काढून टाकण्याचा विचार क्रोमच्या चमूने २०२५ मध्ये जाहीर केला. म्हणून या पुस्तकातली सारी रूपांतरे सर्व्हरवर चालतात आणि २०१७च्या तिसऱ्या आवृत्तीत लिहिली आहेत. सुरुवातीची प्रकरणे क्रमाने वाचावीत. ज्यांना छापील पानाचीच ओढ आहे त्यांनी थेट शेवटच्या प्रकरणाकडे गेले तरी चालेल. कराचे बिल तिथे पहिल्या ओळीपासून घडवले आहे, आणि उदाहरणांतली नावे जोडाक्षरांनी ठासून भरलेली, मुद्दामच अवघड निवडली आहेत.