कोकण रेल्वे महामंडळाची वाटचाल : रोह्यापासून चिनाबपर्यंत

१९८६ मध्ये मुंबईकडून येणारे रूळ रोह्यापर्यंत पोहोचले आणि तिथेच थांबले. दक्षिणेच्या टोकाला मंगळूरपर्यंत गाडी विसाव्या शतकाच्या आरंभीच आली होती. मधला सुमारे ७४० किलोमीटरचा किनारा मात्र स्वातंत्र्यानंतर चार दशके उलटली तरी रेल्वेविना होता. मुंबईहून मंगळूरला रेल्वेने जायचे तर अर्ध्या दक्षिण भारताला वळसा पडे. कोकणी माणसासाठी एस.टी., घाटातला रात्रीचा प्रवास आणि एके काळी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हेच पर्याय होते. या भूमीत रेल्वे उभी करून ती चालवणाऱ्या कोकण रेल्वे महामंडळाची वाटचाल म्हणूनच एका कंपनीच्या ताळेबंदापेक्षा मोठी आहे.

मागणी जुनी होती. अ. ब. वालावलकर यांनी कोकण रेल्वेचा ध्यास घेऊन तिचा पाठपुरावा केला. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधू दंडवते या राजापूरच्या दोन खासदारांनी हा प्रश्न संसदेत जिवंत ठेवला. सर्वेक्षणे झाली, अहवाल आले. अडत होते ते पैशांपाशी. डोंगर, दऱ्या आणि खाड्या ओलांडणाऱ्या या मार्गाचा खर्च रेल्वेच्या वार्षिक तरतुदीतून भागवायचा तर काम पूर्ण व्हायला कित्येक दशके लागली असती.

१९८९ च्या अखेरीस दिल्लीत सत्तांतर झाले आणि कोंडी फुटली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधू दंडवते अर्थमंत्री आणि रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. किनारपट्टीशी जिव्हाळ्याचे नाते असलेली ही तीन माणसे एकाच वेळी निर्णयाच्या जागी होती. रेल्वे अर्थसंकल्पाबाहेर स्वतंत्र सरकारी कंपनी काढायची, तिने बाजारातून रोखे उभारून मार्ग बांधायचा, चालवायचा, कर्ज फेडायचे आणि नंतर तो भारतीय रेल्वेकडे सोपवायचा, असा आराखडा ठरला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशन लिमिटेडची नोंदणी झाली. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के राहिला. केरळच्या हद्दीत या मार्गाचा एक मीटरही नव्हता. तरीही मुंबईशी थेट जोडले जाण्याचे मोल ओळखून ते राज्य भागीदार झाले. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोहा येथे पायाभरणी झाली.

रेल्वेच्या सेवेतून नुकतेच निवृत्त झालेले अभियंते ई. श्रीधरन पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. मुख्यालय नवी मुंबईत बेलापूरला आले. मार्ग महाडपासून उडुपीपर्यंतच्या सात विभागांत वाटला गेला आणि प्रत्येक विभागाचे निर्णय तिथल्या मुख्य अभियंत्याच्या हाती दिले गेले. फाईल वर जाऊन परत येण्याची वाट पाहायची नाही, हा शिरस्ता पहिल्या दिवसापासून पडला. उरलेले दिवस उलटे मोजणारी घड्याळे लावली गेली.

पहिली कसोटी जमिनीची होती. चाळीस हजारांहून अधिक खातेदारांच्या जमिनी मार्गात येत होत्या. कोकणातली जमीन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत आलेले तुकडे. एकेका सातबाऱ्यावर डझनभर नावे, त्यातली निम्मी माणसे मुंबईत. महामंडळाचे अधिकारी महसूल कर्मचाऱ्यांसह गावोगाव फिरले, घरोघरी बोलणी झाली. घरे हलली, कलमांच्या बागा तुटल्या, भाताची खाचरे भरावाखाली गेली. प्रकल्पग्रस्त कुटुंबांना नोकरीत प्राधान्य देण्याचे धोरण महामंडळाने स्वीकारले. या मार्गाच्या उभारणीत पहिला वाटा या कुटुंबांचा आहे.

गोव्यात मार्गाच्या आखणीलाच विरोध उभा राहिला. खाजण शेती, करमळीचे तळे, जुन्या गोव्यातील वारसा आणि दाट वस्ती यांबद्दलची लोकांची काळजी रास्त होती. आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले. १९९३ मध्ये गोव्यातले काम काही काळ थांबवून न्यायमूर्ती ओझा आयोग नेमला गेला. चौकशीनंतर काम पुन्हा सुरू झाले. गेलेला वेळ भरून निघाला नाही आणि कर्जावरचे व्याज त्या काळातही चढत राहिले.

गाड्या मोठ्या वेगाने धावाव्यात म्हणून मार्गाची वळणे सौम्य आणि चढ मंद ठेवले होते. त्यामुळे डोंगराला वळसा घालण्याची सोय उरली नाही. डोंगर फोडायचा आणि दरी ओलांडायची, एवढेच हाती राहिले. नव्वदहून अधिक बोगदे खोदले गेले. त्यांची एकत्रित लांबी ८४ किलोमीटरच्या आसपास भरते. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा पुढे अनेक वर्षे देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. कातळ फोडायला स्वीडनहून यंत्रे आणली गेली. पण खरी परीक्षा कातळाने घेतली नाही, ती मऊ मातीने घेतली. नऊ बोगदे पाण्याने भिजलेल्या चिकणमातीतून जात होते. तिथे यंत्र चालेना. मजुरांनी हातांनी थोडी थोडी माती काढायची, लगेच आधार द्यायचा, आणि पावसात पुन्हा सगळे खाली यायचे. एकट्या या मऊ मातीच्या बोगद्यांनी १९ जणांचे प्राण घेतले. उभारणीत कामी आलेल्या सर्व श्रमिकांच्या स्मरणार्थ रत्नागिरीत श्रमशक्ती स्मारक उभारले आहे.

मार्गावर १७९ मोठे आणि अठराशेहून अधिक लहान पूल आहेत. होन्नावरला शरावतीवरील पूल दोन किलोमीटरहून लांब आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला पानवल नदीच्या दरीवर ४२४ मीटर लांबीचा आणि ६४ मीटर उंचीचा पूल उभा राहिला. एवढ्या खोल दरीत खालून आधार देणे अशक्य होते. म्हणून पुलाचा वरचा भाग काठावर टप्प्याटप्प्याने ओतून जॅकच्या साहाय्याने खांबांवरून पुढे सरकवला गेला. भारतीय रेल्वेत ही पद्धत इथे पहिल्यांदा वापरली गेली.

रूळ दोन्ही टोकांकडून सरकत होते. २० मार्च १९९३ रोजी मंगळूर–उडुपी पहिली गाडी धावली. त्याच वर्षी जूनमध्ये उत्तरेकडे रोहा–वीर भाग सुरू झाला. पुढे गाडी खेडला, रत्नागिरीला, कुडाळ-सावंतवाडीला पोहोचली. स्थानकाबाहेर गावेच्या गावे लोटली. इंजिनाला आंब्याचे टहाळे आणि झेंडूची तोरणे बांधली गेली. शेवटचा अडसर होता पेडण्याचा बोगदा. त्याची माती शेवटपर्यंत झुंजली. तो पार झाल्यावर १९९८ च्या जानेवारीत मार्ग सलग झाला आणि १ मे १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. मुंबई–मंगळूर अंतर सुमारे १,१०० किलोमीटरने घटले. महाराष्ट्रात सुमारे ३६१, गोव्यात १०६ आणि कर्नाटकात २७३ किलोमीटर, असा हा मार्ग पायाभरणीपासून आठ वर्षांच्या आत पूर्ण झाला होता.

उद्घाटनानंतरचा काळ सोपा नव्हता. बांधकामाचा खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला होता आणि त्यातला मोठा भाग रोख्यांचा होता. कोकणात मोठे कारखाने कमी, त्यामुळे मालवाहतूक अपेक्षेइतकी मिळेना. प्रवासी भाड्यातून व्याजाचा डोंगर उतरेना. या चणचणीतूनच २६ जानेवारी १९९९ रोजी रो-रो सेवा सुरू झाली. भरलेले ट्रक कोलाडला सपाट वाघिणींवर चढवायचे आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचे. घाटातली ट्रकची झीज टळली, डिझेल वाचले, चालकांना रात्रीची झोप मिळाली. पुढे ही सेवा सुरत्कलपर्यंत गेली. व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या कार्यकाळात गाड्यांची टक्कर टाळणारे ‘रक्षाकवच’ हे उपकरण महामंडळाने स्वतः विकसित केले आणि ते ईशान्य सीमांत रेल्वेवर बसवले गेले. त्याच काळातला, उंच मार्गाखाली लटकून धावणाऱ्या स्कायबसचा प्रयोग मात्र २००४ मध्ये मडगावच्या चाचणीतील अपघातानंतर पुढे सरकू शकला नाही.

सर्वांत कठीण घाव पावसाळ्याने घातले. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे कारवार–मुंबई विशेष गाडीला भीषण अपघात झाला आणि सुमारे पन्नास प्रवाशांचा बळी गेला. वर्ष सरते न सरते तोच, जून २००४ मध्ये महाडजवळ करंजाडी येथे मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीच्या दगडांमुळे घसरली. या दोन अपघातांनी महामंडळाला आपल्या कामाची पद्धत मुळापासून बदलायला लावली. खडे उतार कापून सौम्य केले गेले, दगड अडवणाऱ्या पोलादी जाळ्या लागल्या, कातळात बोल्ट ठोकले गेले, उघड्या भिंतींवर सिमेंटचे लेपन झाले. मोठ्या पुलांवर वाऱ्याचा वेग आणि नद्यांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे आली. पावसाळ्यासाठी वेगळे, कमी वेगाचे वेळापत्रक नेमाने पाळले जाऊ लागले. या सगळ्यापेक्षा मोठा आधार गस्त घालणाऱ्या माणसांचा आहे. मुसळधार पावसात, मध्यरात्री, कंदील आणि हातोडी घेऊन शेकडो ट्रॅकमन कटिंगमधून पायी चालतात. धोका दिसला की ते गाडी थांबवतात.

डोंगराशी आणि पाण्याशी रोजचा व्यवहार करताना जी विद्या हाताशी आली, तिला देशाने हिमालयात बोलावले. उधमपूर–श्रीनगर–बारामुल्ला प्रकल्पातील कटरा ते बनिहाल हा अत्यंत अवघड टप्पा होता आणि त्यातला मोठा भाग महामंडळाकडे आला. जिथे पायवाटही नव्हती तिथे आधी रस्ते काढावे लागले. मध्यंतरी आखणीच्या फेरविचारासाठी काम थांबले, पुन्हा सुरू झाले. चिनाब नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवर १,३१५ मीटर लांबीचा पूल उभा करताना ४६७ मीटर गाळ्याची पोलादी कमान दोन्ही काठांवरून पुढे आणत एप्रिल २०२१ मध्ये जुळवली गेली. जवळच अंजी खड्डावर ९६ केबलांनी तोललेला, एकाच उत्तुंग मनोऱ्याचा पूल झाला. भारतीय रेल्वेतला तो पहिला केबल-आधारित पूल. ६ जून २०२५ रोजी दोन्ही पूल राष्ट्राला अर्पण झाले. आराखड्यापासून पोलादकामापर्यंत देशी-परदेशी सल्लागार, अफकॉन्ससारखे कंत्राटदार, संशोधन संस्था आणि स्थानिक मजूर यांचे हात या कामाला लागले. त्या सर्वांना एकत्र बांधून ठेवणारी संस्था बेलापूरची होती.

दरम्यान मूळ मार्गही बदलत होता. रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरचा भाग २०२१ मध्ये दुपदरी झाला. नवी क्रॉसिंग स्थानके उभी राहिली. २०१५ मध्ये हाती घेतलेले विद्युतीकरण पूर्ण होऊन २० जून २०२२ रोजी ते राष्ट्राला समर्पित झाले. डिझेलवरचा मोठा खर्च वाचला. २०२३ च्या जूनपासून मुंबई–मडगाव वंदे भारत धावू लागली. मार्गाबाहेरही काम चालू होते. जयनगर ते नेपाळमधील कुर्था या मार्गासाठी महामंडळाने डेमू गाड्या पुरवल्या. बोगदेशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी मडगावला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नावाने संस्था चालते. मूळ मार्गावर संकटेही आली. २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली, २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूणला वेढले, तेव्हा मार्ग काही काळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आज ज्या गर्दीने गावी जातात, ती या मार्गाची रोजची गरज सांगते. एकेरी मार्गावर आता गाड्यांना जागा उरलेली नाही. उर्वरित दुपदरीकरण, स्थानकांवरील सोयी, दरडींपासून आणखी संरक्षण यांसाठी लागणारा पैसा लहान भांडवलाच्या कंपनीला झेपणारा नाही. म्हणूनच भारतीय रेल्वेत विलीनीकरणाचा विषय पुढे आला. गोवा, कर्नाटक आणि केरळपाठोपाठ २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही त्याला संमती दिली, ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे या अटीसह.

कर्ज फेडून मार्ग सोपवायचा, हा तर स्थापनेच्या वेळचाच संकल्प होता. आर्थिक गणित ठरल्यासारखे जमले नाही, मुदत लांबली. पण त्या लांबलेल्या वर्षांतच महामंडळाने देशाला अशी अभियंत्यांची पिढी दिली जिला मऊ माती, कोसळता कातळ आणि धो धो पाऊस यांच्याशी कसे वागायचे ते ठाऊक आहे. व्यवस्थापनाची पाटी उद्या बदलली तरी खातेदार, मजूर, अभियंते आणि गस्तीवाले यांनी मिळून कमावलेले हे ज्ञान टिकवणे आणि पुढच्या पिढीकडे देणे, ही या संस्थेची यापुढची जबाबदारी आहे. पस्तीस वर्षांच्या कामगिरीने तिने तो विश्वास मिळवला आहे.